रात्री दहानंतर या: वृद्धाश्रमांच्या तपासणीबद्दल एक खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नागपूर

प्रत: मा. सहायक आयुक्त, समाजकल्याण, नागपूर. तसेच जिल्ह्यातल्या वृद्धाश्रमांचे विश्वस्त

विषय: वृद्धाश्रमांतली सेवा चांगली की वाईट हे ठरवायचं कसं, याबाबत.

सविनय नमस्कार.

मी ३१ वर्षं सरकारी रुग्णालयात परिचारिका होते. निवृत्तीला सहा वर्षं झाली. माझी मोठी बहीण, आमची अक्का, शेवटची तीन वर्षं शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात होती. तिला मूलबाळ नाही, भावजी आधीच गेलेले, आणि माझं घर मानेवाड्याला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेलं. तिचे गुडघे दोन पायऱ्यांनाच हात टेकायचे. म्हणून आश्रम. त्याचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती, आणि मला जे सांगायचंय ते त्या एका आश्रमापुरतं नाही.

एका एप्रिलात तिथे तपासणी झाली तेव्हा मी योगायोगानं हजर होते. पथक कोणाचं होतं ते सांगत बसत नाही, कोणाचंही असतं तरी तेच झालं असतं. सकाळपासून चादरी बदलणं चाललेलं. फिनाईलचा वास फाटकापर्यंत. दाराशी रांगोळी, आणि स्वयंपाकघरातून गोडनिंबाच्या फोडणीचा वास, म्हणजे पाहुण्यांसाठी पोहे. पथकानं हजेरीपट पाहिला, आग विझवायचं नळकांडं पाहिलं, त्यावरची तारीख पाहिली, सीसीटीव्हीचा पडदा पाहिला, भिंतीवरचा आहारतक्ता वाचला. सोमवारी मुगाची डाळ, मंगळवारी पालक, बुधवारी झुणका. मग खोल्यांतून एक फेरी. अक्काच्या खाटेपाशी थांबून साहेबांनी विचारलं, "आजी, काही त्रास?" बाजूला व्यवस्थापक उभे. अक्का म्हणाली, "नाही साहेब, सगळं बेस हाये." वहीत बरोबरची खूण झाली.

आठ दिवसांनी मी घरचा वजनकाटा पिशवीत घालून आश्रमात नेला, कारण अक्काचं पोलकं खांद्यावरून घसरायला लागलं होतं. काटा ४४ वर थांबला. दिवाळीत रक्तदाबासाठी तिला डॉक्टरांकडे नेलं तेव्हा तो ५२ होता. सहा महिन्यांत दहा टक्क्यांवर वजन उतरलं तर कारण शोधायचं, हे नर्सिंगच्या पोरींना शिकवतात. अक्काचं पंधरा टक्के उतरलं होतं.

कारण सापडायला दोन मिनिटं लागली. तिला तोंड उघडायला लावलं. खालची कवळी नव्हती. फेब्रुवारीत धुताना मोरीत पडून तिचा तुकडा उडाला होता. मावशीनं ती कागदात गुंडाळून कपाटावर ठेवली, "मॅडमले सांगतो" म्हणाली, आणि पंधरा दिवसांनी काम सोडून गेली. कवळी कपाटावर तशीच. अक्का वरणात भात कालवून तेवढा गिळायची, पोळी पदराखाली घ्यायची आणि संध्याकाळी फाटकाशी बसणाऱ्या कुत्र्याला द्यायची. ताट रिकामं परत जायचं. रजिस्टरमध्ये रोज लिहिलेलं: जेवण पूर्ण घेतले. खोटं कोणीच लिहिलं नव्हतं.

आणि मी? मी दर रविवारी जात होते. शिरा नेत होते, मऊ खिचडी नेत होते. ती ते भरभर खायची आणि मला वाटायचं, बरी जेवतेय. वॉर्डात उमर घालवलेल्या बाईला आपल्या बहिणीच्या तोंडात डोकवावंसं वाटलं नाही. त्यामुळे पथकाला नावं ठेवायचा मला फारसा हक्क नाही. तिला विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, "कायले सांगू? लोक म्हनतीन, म्हातारीचे चोचले." दंत महाविद्यालयात नवी कवळी झाली. श्रावण सरता सरता वजन ४८ झालं.

सेवेचा दर्जा मोजण्याचं एक जुनं शहाणपण आहे. अवेदिस डोनाबेडियन नावाच्या वैद्यानं १९६६ साली ते मांडलं आणि नर्सिंगच्या पुस्तकांत ते अजून तसंच आहे: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. आमच्या भाषेत सांगते. खाट आहे का, हे पहिलं. खाटेवरच्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवतात का, हे दुसरं. त्याच्या माकडहाडावरची कातडी शाबूत आहे का, हे तिसरं. आपल्याकडची तपासणी पहिल्यापाशी संपते. खाटा मोजल्या, संडास मोजले, झालं. पुढच्या दोन गोष्टी पाहायला पांघरूण दूर करावं लागतं, आणि ते कोणी करत नाही.

कायद्याचं म्हणाल तर पाया आहे, पण त्यावरच्या भिंती अर्ध्याच उठल्यात. राज्यात १९९५ साली मातोश्री वृद्धाश्रम योजना आली. मग २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम आला. त्याचं कलम १९ म्हणतं की राज्य शासनाला निराधार ज्येष्ठांसाठी आश्रम काढता येतील, सुरुवातीला जिल्ह्यात निदान एक, किमान १५० जणांचा. त्याच कलमात पुढे, आश्रम कसे चालवायचे, तिथे कोणत्या दर्जाच्या सेवा असाव्यात, हे ठरवणारी योजना आखण्याचा अधिकार शासनाला दिलाय. पण हे सगळं मुख्यतः सरकारी आश्रम डोळ्यांसमोर ठेवून. खाजगी आश्रमांची सक्तीची नोंदणी आणि किमान दर्जा घालून देणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, त्याचा कायदा झाला नाही.

दरम्यान शहराच्या कडेनं काय उगवलंय ते आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं दिसत असेल. बेसा, हिंगणा रस्ता, कोराडीकडे भाड्याचे बंगले, दारावर पाटी वृद्धाश्रम किंवा केअर सेंटर, आत वीस खाटा. त्यातल्या सहा-सातांवर नाकात नळी असलेले, लघवीची पिशवी लावलेले रुग्ण, रुग्णालयानं "आता घरी न्या" म्हटलेले आणि घरच्यांनी तिथे आणलेले. याला आश्रम म्हणायचं की नर्सिंग होम? महाराष्ट्रात नर्सिंग होम नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे, आणि त्याच्या व्याख्येत आजार आणि इजा यांच्या जोडीला दुर्बलता हा शब्दही आहे: अशा माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा करणारी जागा. मी वकील नाही. पण नळीनं जेवण भरवणं ही शुश्रूषा नव्हे असं कोणी म्हणत असेल, तर त्यानं एकदा ती नळी श्वासनळीत गेलेला रुग्ण पाहावा.

आता मुद्द्याचं. रात्री.

दिवसा जवळजवळ सगळेच आश्रम बरे दिसतात. नातेवाईक येतात, शाळेची पोरं गाणी म्हणायला येतात, कोणाचा वाढदिवस असतो. सेवेची खरी कसोटी रात्री दहा ते सकाळी सहा. निवृत्तीनंतर मी आठवड्यातून दोनदा वेगवेगळ्या आश्रमांत नखं कापायला, ड्रेसिंग करायला जाते. दोन-तीन ठिकाणी रात्री थांबलेय. दोन मजल्यांवर मिळून ३४ माणसं आणि जागी एक मावशी, तीही सकाळी सातपासून कामावर असलेली. अशा वेळी ती काय करणार? तिला जे जमतं तेच ती करते. रात्री आठला सरसकट सगळ्यांना डायपर. ज्यांना लघवीची जाणीव आहे, नुसता हात धरला तर जे चालत संडासला जातील, त्यांनाही. चार-सहा महिने असं चाललं की ती जाणीवच जाते, पाय आखडतात, आणि मग वहीत नोंद होते: रुग्ण अंथरुणाला खिळला. खिळला नाही हो, खिळवला. चालत्या माणसाला सांभाळण्यापेक्षा निजलेल्याला सांभाळणं सोपं, हे वृद्धाश्रमाच्या धंद्यातलं न बोललेलं गणित आहे.

हे पकडायला मोठी यंत्रं लागत नाहीत. १९६३ पासून वापरात असलेली कॅट्झची यादी आहे, सहा कामांची: आंघोळ, कपडे, संडासला जाणं, खाटेवरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावरचा ताबा, आणि हातानं जेवणं. माणूस आश्रमात आला त्या दिवशी यातलं काय काय स्वतः करत होता ते लिहायचं, आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा. म्हातारपण आहे, काही जाणारच. पण आला तेव्हा स्वतः आंघोळ करणारा माणूस मध्ये कुठलाही आजार नसताना सहा महिन्यांत स्पंजवर कसा गेला, एवढा एक प्रश्न विचारला तरी अर्धा आश्रम कळतो.

बेडसोअरचं, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमेचं, तसंच. तो माकडहाडावर, खुब्यावर, टाचेवर होतो. सुरुवात काही तासांतही होऊ शकते, आणि भरायला महिने. पुस्तकात लिहिलेलं असतं की लाल चट्टा दिसतो, बोटानं दाबला तरी पांढरा होत नाही. आपल्या सावळ्या कातडीवर ती लाली दिसतच नाही. हात लावून पाहावं लागतं, तेवढी जागा आसपासच्या कातडीपेक्षा गरम किंवा कडक लागते. धोका कोणाला जास्त हे आधीच ओळखायला १९८७ चं ब्रेडन मापक आहे: संवेदना, ओलावा, हालचाल, कूस बदलण्याची ताकद, आहार आणि कातडीचं घासणं. गुण ६ ते २३, जितके कमी तितका धोका मोठा. एका माणसाला पाच मिनिटं. मापकात ओलावा आहे म्हणून सांगते, तपासणीत डायपरचा हिशोब जरूर मागा. किती खाटांना डायपर लागतात आणि महिन्याला पाकिटं किती आली, एवढा भागाकार केला की दिवसाला एका माणसाला किती वेळा बदललं ते निघतं. हजेरीपटात फेरफार करता येतो. मेडिकल स्टोअरच्या बिलांत तेवढं सोपं नाही.

बांधण्याबद्दल लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. जुन्या लुगड्याच्या पट्टीनं मनगट खाटेच्या दांडीला. "पडतीन न ताई, म्हनून." किंवा मग झोपेची अर्धी गोळी, कोणत्या डॉक्टरनं कधी लिहून दिलेली कोणास ठाऊक. अमेरिकेनं १९८७ च्या कायद्यात कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी रहिवाशाला बांधायला आणि औषधानं गुंगवायला मनाई केली. आपल्याकडे अशी मनाई फळ्यावर लिहून लावायला दिल्लीची वाट पाहायची गरज नसावी.

नागपूरचा उन्हाळा वेगळा सांगायला हवा, कारण तो पुण्यामुंबईच्या कोणत्याही नमुना अर्जात नसतो. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश होतं. २०२४ च्या मे अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवलं आणि मग हवामान खात्यानं यंत्र बिघडल्याचं सांगितलं. दोन दिवस अख्खं गाव तापमान कसं मोजतात यावर बोलत होतं, पानठेल्यावरसुद्धा. गच्चीखालच्या खोलीत चार म्हाताऱ्या निजतात, तिथे दुपारी तीनला किती असतं, हे त्या दोन दिवसांतही कोणी मोजलं नाही. शंभर-दोनशे रुपयांत भिंतीवर लावायचं तापमापक मिळतं.

उतारवयात तहानच कमी लागते. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. पण मला आश्रमांत दिसलेलं मोठं कारण तिसरंच आहे: म्हाताऱ्या मुद्दाम पाणी पीत नाहीत. कारण रात्री उठावं लागेल, संडास लांब आहे, आणि हाक मारली तर कोणी येत नाही. पाणी कमी, म्हणून लघवीचा संसर्ग, म्हणून भ्रम. मग मुलाला फोन जातो, "तुमच्या आईचं डोकं फिरलं." तेव्हा तपासणीला याल त्या दिवशी कूलर आहे का एवढंच पाहू नका, तो तर असतोच. त्याच्या टाकीत पाणी आहे का, वीज गेल्यावर काय करतात, प्रत्येक खाटेच्या हाताशी पेला आहे का, आणि लघवीच्या पिशव्यांचा रंग काय आहे, ते पाहा. तो रंग गडद चहासारखा असेल तर आहारतक्ता वाचायची गरज नाही.

आता आकड्यांबद्दल एक सावधगिरीची गोष्ट. आकडे मागितले की आकडे मिळतात, पण ते मागणाऱ्याच्या सोयीचे असतात. जर्मनीनं २००९ साली वृद्धसेवा संस्थांना शाळेसारखे गुण द्यायला सुरुवात केली. तिथे १ म्हणजे सर्वोत्तम. बघता बघता देशाची सरासरी सव्वाच्या आसपास गेली, म्हणजे जवळपास सगळेच पहिले. कारण गुण बहुतेक कागदपत्रांवर होते, आणि कागद सुधारणं सेवा सुधारण्यापेक्षा स्वस्त. २०१९ मध्ये ती पद्धत बदलावी लागली. अमेरिकेत २००८ पासून नर्सिंग होमना तारे देतात. आधी कर्मचारी किती ते संस्थाच सांगायच्या, नंतर पगारपत्रकावरून काढायला लागले.

म्हणून मला नागपूरच्या आश्रमांसाठी तारेबिरे नकोत. आणि शून्याला शाबासकी तर मुळीच नको. चाळीस म्हाताऱ्यांच्या आश्रमात वर्षभरात कोणीच पडलं नाही असं लिहिलं असेल, तर एक तर ते लिहीत नाहीत किंवा बांधून ठेवतात. त्यापेक्षा वर्षात नऊ जण पडले, त्यातले सात रात्री संडासच्या वाटेवर, म्हणून तिथे दिवा लावला आणि दांडी बसवली, असं लिहिणारा आश्रम मला विश्वासाचा वाटतो. तसंच, कोणाच्या अंगावर बेडसोअर आहे म्हणून लगेच संस्थेला धारेवर धरू नका. रुग्ण रुग्णालयातून किंवा घरूनच तो घेऊन आला असेल. आलेला किती आणि इथे झालेला किती, हे वेगळं लिहिलं गेलं पाहिजे. नाही तर पुढे काय होईल ते मी आजच सांगते: सगळे चालते-फिरते म्हातारे तेवढे घेतील आणि खरी गरज असलेल्यांना फाटकावरूनच परत पाठवतील.

मुलाखतीचं वेगळं. "काही त्रास?" या प्रश्नाचं उत्तर आश्रमात राहणारा माणूस खरं देऊ शकत नाही. साहेब तासाभरानं जाणार, त्याला तिथेच निजायचंय. १४५६७ हा ज्येष्ठांचा मदत क्रमांक आहे, चांगला आहे, पण फोन बहुतेक ठिकाणी व्यवस्थापकांच्या टेबलावर असतो, आणि तो क्रमांक सकाळी ८ ते रात्री ८ चालतो. विचारायचंच तर एकटं गाठून, वऱ्हाडीत, साधं विचारा. काल रात्री उठल्या तेव्हा कोणाले हाक मारली? आली का ती? चष्मा कुठं हाये? पैसे कोनाकडं ठेवता? आंघोळीले कोन नेते, दार लावते का उघडंच ठेवते? स्मृतिभ्रंशाच्या माणसांना हेही सांगता येत नाही. ब्रिटनमध्ये त्यासाठी तपासनीस एका कोपऱ्यात गप्प बसतात आणि ठरावीक मिनिटांनी नोंदवतात: हा माणूस आत्ता खुश दिसतोय का, कोणी त्याच्याशी बोललं का, की नुसता घास कोंबला. दुपारच्या जेवणाचा एक तास असं बसलं तर फाईल उघडायची इच्छा राहत नाही.

विश्वस्तांनो, तुमच्यासाठीही थोडं. तुम्ही चांगल्या मनानं आश्रम काढले, त्याबद्दल शंका नाही. पण पितृपक्षात एकेका दिवशी तीन-तीन दात्यांचं जेवण येतं, खीर, वडे, जिलबी, आणि "नाही कसं म्हणायचं" म्हणून ते सगळं मधुमेही ताटांत वाढलं जातं. मग सर्वपित्रीनंतर आठवडाभर मी साखरेचे आकडे पाहते आणि कपाळाला हात लावते. दात्यांना सांगा की जिलबीऐवजी रात्रीच्या एका मावशीचा महिन्याचा पगार द्या. पाटीवर नाव घालायचं तर त्याचं घाला. मी पाहिलेली उत्तम सेवा एका टिनाच्या छपराखाली होती. नऊ आजी, दोन मावश्या, रजिस्टर नावाला. त्यातल्या एका मावशीला प्रत्येकीचा चहा पाठ होता, कोणाला बिनसाखरेचा, कोणाला बशीत ओतून, आणि कोणाच्या डाव्या कानाशी बोलायचं हेही. एकीच्याही पाठीवर ओरखडा नव्हता. आजच्या पद्धतीनं तपासणी झाली तर तो आश्रम नापास होईल, आणि अक्काचा पहिला येईल.

मला हेही कळतं की उद्या कडक नियम लावून पंधरा आश्रम बंद केले तर ती माणसं सीताबर्डीच्या फुटपाथवर किंवा मेयो-मेडिकल या सरकारी रुग्णालयांच्या व्हरांड्यात येतील. म्हणून टाळं लावायची मागणी मी करत नाही. मागणी एवढीच आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक आश्रमात, सरकारी, अनुदानित, खाजगी, सगळ्या, वर्षातून दोनदा न कळवता जावं, त्यातली एक भेट रात्री दहानंतरची असावी. पथकात एक परिचारिका असावी. नागपुरात निवृत्त सिस्टर थोड्या नाहीत, नर्सिंग कॉलेजांच्या मुली वस्त्यांत प्रशिक्षणाला जातातच, त्यांना महिन्यातून एक दिवस वजनं घ्यायला लावता येईल. आणि आश्रमाच्या दाराशी, देणगीदारांच्या पाटीशेजारी, एक फळा असावा. त्यावर दर महिन्याच्या एक तारखेला खडूनं लिहायचं: किती माणसं, त्यांपैकी कितींचं वजन उतरलं, बेडसोअर आलेले किती आणि इथे झालेले किती, किती पडले, काल रात्री जागं कोण होतं. नावं नकोत, आकडे पुरेत. आईला ठेवायला आलेला मुलगा निदान तो फळा वाचेल आणि दोन प्रश्न विचारेल. आज तो बाग पाहतो, देवघर पाहतो आणि पैसे भरतो.

खर्च विचाराल तर वजनकाटा, तापमापक, फळा आणि खडू. काटा मी अक्काच्या आश्रमाला देऊन टाकला. ती दोन वर्षांपूर्वी गेली, झोपेत, ४९ किलोची असताना. काटा अजून ऑफिसच्या कपाटावर आहे. मागच्या महिन्यात गेले तेव्हा त्याची बॅटरी संपलेली होती, मी बदलून आले.

पथकाला परिचारिका लागली तर मी येते. मानधन नको. माझ्याकडे स्कुटी आहे, रात्री अपरात्री यायची सवयही आहे. फक्त कुठे जायचं ते आश्रमाला आधी कळवू नका, मलाही निघताना सांगितलं तरी चालेल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
मानेवाडा, नागपूर